दारावरचा प्रश्न : वर्कहाउस, माटुंग्याचा आश्रम आणि आपली इस्पितळं

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, की भंडारदऱ्यात बसून विलायतेतल्या वर्कहाउसबद्दल आणि मुंबईच्या एका इस्पितळाबद्दल बोलायचं कारण काय? रतनगड, कळसूबाई, काजवे, इतके विषय हाताशी असताना? कारण बाहेर दिसणाऱ्या धरणाच्या भिंतीतच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

प्रवरेवरचं हे धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं. उंची साधारण २७० फूट. १९२६ च्या डिसेंबरात गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून ते विल्सन डॅम. ही माहिती इथला कुठलाही गाइड सांगतो. तो सहसा सांगत नाही ते हे, की दख्खनमधली अशी धरणं सरकारच्या कागदांत ‘संरक्षक कामं’ या सदरात यायची. संरक्षण कशापासून? दुष्काळापासून. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा तीन दुष्काळांनी नगर जिल्हा पिळून निघाला होता. त्यानंतर १९०१ ते १९०३ या काळात पाटबंधारे आयोग नेमला गेला आणि दख्खनमध्ये पाणी साठवायचा विचार नेटाने सुरू झाला. म्हणजे हे धरण दुष्काळाच्या धास्तीतून आलेलं आहे. आणि त्या दुष्काळांत सरकारने लोकांना मदत कशी करायची याचे जे नियम ठरवले, त्यांचं मूळ थेट इंग्लंडच्या वर्कहाउसमध्ये सापडतं.

आता वर्कहाउस म्हणजे काय? डिकन्सचा ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ज्यांनी वाचलाय किंवा सिनेमात पाहिलाय त्यांच्या डोळ्यांसमोर ती वाटी घेऊन उभा असलेला मुलगा येईल. ते चित्र बरोबर आहे, पण त्याने एक गैरसमजही होतो. वाटतं, की तिथली माणसं दुष्ट होती म्हणून तिथे उपासमार होती. तसं नव्हतं. ती एक विचारपूर्वक बांधलेली व्यवस्था होती. १८३४ च्या गरीब-कायद्याचं तत्त्व असं, की मदत घेणाऱ्याची अवस्था बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे. नाहीतर कष्ट कोण करील? म्हणून आत गेलं की नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. गणवेश. दगड फोडायचे, जुने दोर उसवायचे, हाडं कुटायची. अँडोव्हरच्या वर्कहाउसमध्ये कुटायला दिलेल्या हाडांवरचा उरलासुरला मगज भुकेली माणसं खात होती, हे १८४५ मध्ये उघडकीला आलं आणि मोठा गहजब झाला.

यातली खुबी लक्षात घ्या. कोण खरा गरजू हे तपासायला अधिकारी नेमायची गरजच नव्हती. ते घरच परीक्षा होतं. इतक्या वाईट जागी जो आत यायला तयार आहे, तो गरजू. जो तयार नाही, त्याला गरज नाही. हिशेब संपला.

मग या घरांची इस्पितळं कशी झाली? बहुतेक ठिकाणी ही गोष्ट प्रगतीची म्हणून सांगितली जाते. आधी क्रूर लोक होते, मग दयाळू लोक आले, मग डॉक्टर आले. आम्हाला ही मांडणी पटत नाही, कारण यात परीक्षेनेच केलेलं काम विसरलं जातं. धडधाकट माणूस या घराला इतका भ्यायचा, की तो येईनासा झाला. उरले कोण? म्हातारे, क्षयरोगी, बाळंत व्हायला आलेल्या एकट्या बाया, वेडे, जखमी. ज्यांना परीक्षा टाळता येत नव्हती तेच आत उरले. आळशाला हाकलायला बांधलेल्या घरात १८६० च्या सुमाराला आजाऱ्यांची गर्दी झाली होती, आणि त्यांची शुश्रूषा करायला दुसऱ्या कैदी-वजा गरीब बाया. ‘लॅन्सेट’ने १८६५ मध्ये लंडनच्या वर्कहाउसांची पाहणी सुरू केली. त्याच वर्षी लिव्हरपूलच्या वर्कहाउसमध्ये अ‍ॅग्नेस जोन्स ही नाइटिंगेलच्या तालमीत शिकलेली परिचारिका आली. तीन वर्षांत तिथेच आजारी पडून वारली. १८६७ मध्ये लंडनसाठी स्वतंत्र रुग्णालयांचा कायदा झाला.

पण इमारत बदलली तरी दारावरचा प्रश्न बदलायला वेळ लागला. १८८५ पर्यंत गरीब-कायद्याखाली फुकट औषधपाणी घेतलं तर त्या माणसाचा मताचा अधिकार जायचा. म्हणजे तापाचं औषध घ्या आणि नागरिकत्वाचा तुकडा तोडून द्या! ही अट रद्द झाली, तेव्हा कुठे त्या घराचं इस्पितळ व्हायला सुरुवात झाली असं आम्ही मानतो. १८९१ मध्ये लंडनची साथीच्या तापाची इस्पितळं सर्वांसाठी विनामूल्य खुली झाली. कारण व्यवहारी होतं : देवीची साथ माणूस श्रीमंत की भिकारी हे विचारून येत नाही, तेव्हा इस्पितळानेही ते विचारू नये. पुढे १९३० मध्ये गरीब-कायद्याची मंडळं गेली, १९४८ च्या ५ जुलैला राष्ट्रीय आरोग्यसेवा आली, आणि शेकडो जुनी वर्कहाउसं एका दिवसात सरकारी इस्पितळं झाली. लीड्समधलं सेंट जेम्स हे त्यातलंच. त्या आवारातल्या १८६१ च्या वर्कहाउसच्या इमारतीत आज वैद्यकशास्त्राचं संग्रहालय आहे. मात्र ‘मला तिथे नेऊ नका’ असं म्हणणारे म्हातारे त्यानंतरही बरीच वर्षं होते. भिंतींना रंग दिला तरी माणसाच्या मनातलं घराचं नाव जात नाही.

आता हे तत्त्व आपल्याकडे कसं आलं ते पाहू. १८७७ च्या दुष्काळात व्हाइसरॉय लिटनने पाठवलेला सर रिचर्ड टेंपल खर्च कमी करायचा विडा उचलून दख्खनला आला. दुष्काळी कामावरच्या माणसाच्या मजुरीचं धान्य त्याने दिवसाला एका पौंडावर आणलं, म्हणजे अर्धा किलोही नाही. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला : दिवसभर खडी फोडणारा माणूस एवढ्यावर जगणार कसा? आणि दोन कसोट्या होत्या. एक श्रमाची : काम केल्याशिवाय दाणा नाही. दुसरी अंतराची : काम मुद्दाम गावापासून लांब काढायचं, म्हणजे खरा भुकेला तेवढाच येईल. विलायतेत भिंत बांधून जे साधलं, ते इथे मैलांनी साधलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत गोळा करून या धोरणाची लक्तरं वेशीवर टांगली. कमी मजुरी आणि लांबचं काम यांना कंटाळून लोक कामं सोडून निघून गेले. तरी १८८० च्या दुष्काळ आयोगाने कसोटीचं तत्त्व कायम ठेवलं. काम करू न शकणाऱ्यांसाठी पुढच्या दुष्काळ-संहितांमध्ये जी सोय आली तिचं नावच ‘पुअरहाउस’. लोकांच्या तोंडी सगळ्यालाच ‘दुष्काळी काम’.

भंडारदऱ्याचं बांधकाम हे दुष्काळी काम होतं असं आम्ही म्हणत नाही. दुष्काळ आणि धरण यांमागची डोकी एका शाळेतली होती, एवढंच म्हणतो. पुढे याच पाण्यावर खाली ऊस झाला, १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच परिसरात लोणीला मोठं इस्पितळही आलं. ती गोष्ट वेगळ्या व्याख्यानाची.

पण विलायतेतल्यासारखं, म्हणजे निराधारांना कोंडायला काढलेलं आणि आज इस्पितळ असलेलं घर आपल्याकडे आहे का? आहे. मुंबईत वडाळ्याला. अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय.

त्याचं सुरुवातीचं नाव ‘होमलेस लेपर असायलम’. घर नसलेल्या कुष्ठरुग्णांचा आश्रम. (‘लेपर’ हा शब्द आज आपण वापरत नाही आणि वापरू नये, जुन्या नावांत आणि कायद्यांत आहे तेवढ्यापुरता येईल.) साल १८९०. जागा तेव्हाच्या माटुंग्याची, शहराच्या टोकाला. पुढे त्याला हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ या महापालिका आयुक्ताचं नाव दिलं गेलं. आणि हे अ‍ॅक्वर्थ म्हणजे तेच बरं का! मराठी पोवाड्यांचा ज्यांना नाद आहे त्यांना अ‍ॅक्वर्थ-शाळिग्राम ही जोडी ठाऊक असते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी १८९१ मध्ये ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह काढला. १८९४ मध्ये त्यातल्या काहींचं इंग्रजीत रूपांतर केलं. गोंधळी-शाहिरांच्या तोंडचं, रस्त्यावरचं, भिक्षा मागत गायलेलं काव्य या साहेबाने जपलं, त्याबद्दल मराठी माणसाने त्यांचं ऋणी असावं. त्याच वर्षांत त्याच साहेबाने रस्त्यावर भिक्षा मागणाऱ्या दुसऱ्या एका वर्गाला उचलून माटुंग्याला नेलं. अ‍ॅक्वर्थना खलनायक ठरवायचा आमचा हेतू नाही. आश्रमासाठी त्यांनी लोकांकडून वर्गणी जमवली, मायेने लक्ष घातलं. पण दोन्ही कामं एका माणसाची आहेत हे एकत्र वाचलं जात नाही : साहित्याच्या इतिहासात एक अ‍ॅक्वर्थ, वैद्यकाच्या इतिहासात दुसरा.

काळ बघा. १८८९ च्या एप्रिलमध्ये हवाई बेटांवर कुष्ठरुग्णांत राहणारे फादर डेमियन त्याच रोगाने वारले आणि साम्राज्यभर घबराट पसरली. जंतू तर हॅन्सनने १८७३ मध्येच दाखवला होता. हिंदुस्थानात आयोग आला. १८९०-९१ मध्ये फिरून त्याने निष्कर्ष काढला, की हा रोग सहजासहजी पसरत नाही, सक्तीने सगळ्यांना अलग ठेवायचं कारण नाही. पण शहरांत रुग्णांनी भीक मागू नये, काही धंदे करू नयेत, असं मात्र सुचवलं. आणि १८९८ मध्ये कायदा झाला.

हा कायदा वाचण्यासारखा आहे. त्यात पकडायचं कोणाला? कुष्ठरोग झालेल्या प्रत्येकाला नाही. ‘पॉपर लेपर’ला, म्हणजे कंगाल कुष्ठरुग्णाला. त्याची व्याख्या साधारण अशी : जो उघडपणे भीक मागतो किंवा दया यावी म्हणून जखमा दाखवतो, किंवा ज्याच्याजवळ उपजीविकेचं दिसण्याजोगं साधन नसताना जो मोकळा फिरतो. अशाला पोलिसाने वॉरंटाशिवाय धरायचं, डॉक्टरने तपासायचं, मॅजिस्ट्रेटने आश्रमात पाठवायचं. एखाद्या नातेवाइकाने वा स्नेह्याने लिहून दिलं, जामीन दिला, की याला आम्ही सांभाळू आणि भीक मागू देणार नाही, तर सुटका.

आता सांगा, हा रोगाचा कायदा आहे की गरिबीचा? गिरगावातल्या माडीवर राहणाऱ्या शेटजीला हाच रोग असेल तर त्याचा जंतू वेगळा थोडाच असणार? पण त्याला कायदा हात लावत नाही. जामीन देणारा भाऊ असेल तर रोग घरी चालतो; भाऊ नसेल तर रोग सार्वजनिक धोका होतो. लंडनमध्ये १८९१ ला साथीच्या भीतीने इस्पितळाचं दार सगळ्यांसाठी उघडलं, असं मघाशी सांगितलं. मुंबईत त्याच सुमारास साथीच्याच भीतीने गरिबांपुरतं दार बाहेरून लावून घेतलं. एकाच साम्राज्यात, एकाच भीतीचे हे दोन परिणाम.

आत वैद्यकी होती, नव्हती असं नाही. डॉ. नसरवानजी चोक्सींसारखा निष्णात डॉक्टर तिथे प्रमुख होता. पण तेव्हा या रोगावर खरा इलाज नव्हता. चालमुगऱ्याचं तेल, मलमपट्टी आणि दोन वेळचं जेवण. तेव्हा आश्रमाचा मुख्य उद्योग माणसांना ठेवून घेणं हाच होता.

आणि इथे आमची मुख्य तक्रार आहे. आज या आश्रमाचं नाव जगभर कशासाठी घेतलं जातं माहीत आहे? गोबरगॅससाठी. बायोगॅसचा इतिहास सांगणारं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या पानावर सापडेल : जगातला पहिला प्लांट १८५९ मध्ये मुंबईच्या माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात. आश्रमच १८९० चा, तर १८५९ मध्ये तिथे प्लांट कुठून येणार? खरी गोष्ट १८९७ च्या सुमाराची आहे. आश्रमाचं सांडपाणी बंद टाकीत साठवून त्यातून निघणारा वायू दिव्यांसाठी आणि इंजिनासाठी वापरला गेला. प्रयोग मोठा होता, शंकाच नाही. पण चुकीचं साल एकाने लिहिलं आणि दुसऱ्यांनी उतरवून घेतलं. इतक्या लेखकांपैकी बहुतेकांना हा आश्रम कधी निघाला, का निघाला, ते पाहावंसंच वाटलं नाही. गॅस आठवला, तो ज्यांच्या विष्ठेतून निघाला ती माणसं तिथे कशी आली होती, हे कोणी विचारलं नाही. साल चुकण्यापेक्षा ही चूक मोठी.

या घराचं इस्पितळ कधी झालं मग? पाटी बदलली तेव्हा? आमच्या मते १९४० च्या दशकात सल्फोन औषधं आली तेव्हा शक्यता निर्माण झाली. डॅप्सोनच्या गोळीने रुग्ण घरी राहून बरा होऊ लागला. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधांचा उपचार सुचवला, मग तर कोंडून ठेवायला वैद्यकीय सबब उरली नाही. वडाळ्याचं रुग्णालय पुढे महापालिकेकडे आलं, तिथे आज बाह्यरुग्ण विभाग आहे, जुन्या काळाचं संग्रहालयही आहे. शक्य झाल्यास बघून या. पण १८९८ चा कायदा देशाच्या कायदेपुस्तकातून रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. गोळी आल्यावर साठ-सत्तर वर्षांनी!

मधल्या काळात महाराष्ट्रातच याच्या उलट प्रयोग झाले. मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला, शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवनात, बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवनात. इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळू नये. आनंदवनातही कामच होतं. विहीर खणायची, शेत करायचं, सतरंज्या विणायच्या. मग ते वर्कहाउस नव्हे का? आम्हाला फरक असा दिसतो, की वर्कहाउसमध्ये काम ही दारावरची अट होती आणि त्याचा हेतू माणसाला पळवून लावणं हा होता. दगड फुटला काय, न फुटला काय, कोणाला पर्वा नव्हती. आनंदवनात पिकलेली भाजी ही पिकवणाऱ्याची होती. तरीही श्रमाने प्रतिष्ठा मिळते हे वाक्य आम्ही जपूनच उच्चारतो. ज्याच्या हाताला बोटंच राहिली नाहीत त्याने प्रतिष्ठा कुठून आणायची? काम न करताही ती असली पाहिजे.

याआधीचं एक उदाहरण सांगायलाच हवं. टेंपलसाहेब पौंड मोजत होता त्याच १८७७ मध्ये सत्यशोधक समाजाने धनकवडीला ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ काढला, दुष्काळातल्या मुलांना जेवू घालायला. सावित्रीबाईंनी त्या एप्रिलमध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे; ओतूर म्हणजे इथून डोंगराच्या पलीकडलं जुन्नरच. नाव राणीचं होतं, पण रीत राणीच्या सरकारची नव्हती. आणि वीस वर्षांनी, १८९७ च्या प्लेगात, मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. त्याच साली माटुंग्याच्या टाकीवर दिवे पेटत होते.

आता आजचं. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा काढून वाचा. भिकारी कोण? इतर गोष्टींबरोबर, ज्याला उपजीविकेचं दिसणारं साधन नाही आणि जो सार्वजनिक जागी भटकतो, तोही. ओळखीचं वाटतं ना? १८९८ चीच भाषा, रोग तेवढा वगळलेला. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षं संस्थेत. दिल्लीत लागू केलेल्या या कायद्याची कलमं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये घटनाबाह्य ठरवली, पण तो निकाल दिल्लीपुरता.

आणि इस्पितळं? महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या अशी योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून आहे. चांगली योजना आहे, अनेकांचे जीव तिने वाचलेत. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्या, असंही त्यात आहे. पण एरवी आधी दाखला. पिवळं कार्ड की केशरी, तहसीलदाराचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र आहे का. जोतीरावांच्या नावाची जन आरोग्य योजनाही बरीच वर्षं कार्डाच्या रंगावर चालली. २०२३ मध्ये ती सगळ्यांना लागू करायचं ठरलं, हे आमच्या मते त्या योजनेतलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल. १८८५ मध्ये इंग्लंडात मताची अट गेली, त्याच्या तोडीचं. किती इस्पितळं ते पाळतात हे मात्र खिडकीवर उभं राहिल्यावरच कळतं.

घाटघर किंवा साम्रदच्या माणसाने मनात आणून पाहा. पोटात दुखतंय, राजूरला दाखवलं, पुढे नाशिकला किंवा नगरला जा म्हणाले. त्याआधी दाखल्यासाठी अकोल्याला जायचं. पावसाळ्यात एसटी येईल तेव्हा. तलाठ्याची सही, सेतू केंद्र, दोन हेलपाटे, रोज बुडालेला. टेंपलसाहेबाला अंतराची कसोटी मुद्दाम आखावी लागली होती; इथे ती कोणी न आखता पडलेली आहे, आणि तिच्यात कोण नापास झालं याची नोंद कुठल्याच इस्पितळाच्या रजिस्टरमध्ये होत नाही, कारण तो माणूस खिडकीपर्यंत पोचलेलाच नसतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांना या भागातल्या दाखल्यांचा किंवा इस्पितळांचा स्वतःचा अनुभव आहे त्यांनी आधी बोलावं.